ओसेर ते आव्हालों: बर्गंडीतला तीन दिवसांचा ग्रॅव्हल रूट

पॅरिसच्या आग्नेयेला, बर्गंडीत, ग्रॅव्हल सायकलसाठी, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवर चालणाऱ्या जाड टायरच्या सायकलसाठी, सोयीचा एक पट्टा आहे. ओसेरपासून निव्हेर्ने कालव्याच्या काठाने क्लाम्सी, तिथून व्हेझले, मग मोर्व्हांच्या जंगलातून सेतों तलाव आणि शेवटी आव्हालों. दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन आहे, हा मोठा फायदा. अंतर साधारण दोनशे किलोमीटर, तीन दिवसांत आरामात होतं. पहिल्या दिवशी जवळपास चढच नाही. पुढचे दोन दिवस मात्र एकसलग घाट नसला तरी सतत खाली-वर. एकूण चढाई बघून दचकू नका, पण पाय राखून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ नकाशावर घालवा. अ‍ॅपला 'ग्रॅव्हल' सांगून मिळालेली रेघ जशीच्या तशी घेऊ नका. ही अ‍ॅप्स बऱ्याचदा लाल-पांढऱ्या खुणांच्या, लांब पल्ल्याच्या जीआर पायवाटेवर नेऊन सोडतात आणि तिथे दगडी पायऱ्या किंवा मुळांचं जाळं निघतं. फ्रेंच सरकारी संस्था आयजीएनचा १:२५,००० नकाशा ऑनलाइन फुकट बघता येतो, तो उघडा. पांढरी दुहेरी रेघ म्हणजे छोटा रस्ता. एकेरी अखंड काळी रेघ म्हणजे शेताचा किंवा जंगलाचा गाडीरस्ता, आपल्याला हवा तो हाच. तुटक रेघ म्हणजे पायवाट, ती शक्यतो टाळा. मग त्याच जागेचा हवाई फोटो लावा. दोन चाकोऱ्या स्वच्छ दिसल्या तर रस्ता वापरात आहे. मधोमध नुसती हिरवी पट्टी दिसली तर गुडघाभर गवत आणि काटे गृहीत धरा. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, ट्रॅकला ग्रेड १ ते ५ दिलेला असतो. ३ पर्यंत निर्धास्त जा, ४ कोरड्या दिवसात, ५ सोडून द्या.

रस्ता खाजगी आहे का, हे आयजीएनच्या नकाशावर कळत नाही. त्यासाठी जमिनीच्या सरकारी प्लॉटांचा थर, म्हणजे 'कादास्त्र', चालू करा. वाट दोन प्लॉटांच्या मधून, स्वतःचा नंबर नसलेली, मोकळी पट्टी म्हणून जात असेल तर ती बहुधा सार्वजनिक. प्लॉटच्या पोटातून जात असेल तर शेतमालकाचं फाटक लागण्याची तयारी ठेवा. जागेवर गेल्यावर पाट्या वाचा. लाल कडेच्या गोलात मोटारसायकल आणि कार दिसली तर बंदी मोटारगाड्यांना, सायकल चालते. लाल कडेचा गोल आतून नुसता पांढरा असेल तर बंदी सगळ्याच वाहनांना आणि सायकल हेही वाहनच. तिथे उतरून ढकलत जा. जंगलखात्याचा आडवा बार मोटारगाड्या अडवण्यासाठी असतो. पाटी नसेल तर बाजूने जायला हरकत नाही.

पहिला दिवस ओसेर ते क्लाम्सी, साठेक किलोमीटर. कालवा आणि योन नदी कधी शेजारी-शेजारी, कधी एकमेकांत मिसळून चालतात. काठाची वाट कुठे डांबरी, कुठे दाबलेल्या खडीची. वाटेत सोस्वाचे चुनखडीचे कडे लागतात, तिथे गिर्यारोहक लटकलेले दिसतात. क्लाम्सी हे एकेकाळी लाकूड तरंगवून पॅरिसला पाठवण्याचं केंद्र होतं. मोर्व्हांचे ओंडके ओढ्यांतून खाली यायचे आणि इथे त्यांचे तराफे बांधले जायचे. सेतोंचं धरणही ओंडके वाहून नेण्यासाठी क्यूर नदीत पाणी सोडायला बांधलं गेलं, म्हणजे सेतोंकडे जाताना तुम्ही ओंडक्यांच्या उलट दिशेने चढता.

क्लाम्सी ते व्हेझले हा टप्पा छोटा असला तरी फसवा. इथे चुनखडी आणि चिकणमाती आहे. कोरड्यात शेतरस्ते झक्कास, पण पाऊस पडून गेला की माती टायरला लापशीसारखी चिकटते, चाक फोर्कमध्ये अडकतं आणि अर्ध्या तासात ब्रेक पॅडचं वाटोळं होतं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर मुकाट्याने डांबरी रस्ता धरा. व्हेझलेपासून पिएर-पेर्तुईच्या पुलावरून क्यूर नदी ओलांडली की पुढे जमीन बदलते. खाली ग्रॅनाइट, वर त्याचा जाडसर मुरूम. पाणी लगेच निचरतं, त्यामुळे पावसानंतरही सायकल चालते. धोका उतारावर आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मुरूम साठलेला असतो, तिथे पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरतं. ब्रेक वळणाआधीच मारून घ्या.

कारे-ले-तोंबला जेवून सॅं-ब्रिसोंमार्गे सेतोंला पोहोचा. कारेच्या चर्चभोवती दगडी शवपेट्या रांगेने मांडून ठेवल्या आहेत, दहा मिनिटं थांबाच. या जंगलात लाकूडतोड वर्षभर चालते. ट्रकच्या चाकोऱ्यांत पाणी भरलेलं असतं आणि तुटलेल्या फांद्या पडलेल्या असतात. फांदी मागच्या चाकात शिरली की पहिला बळी डिरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. बऱ्याच सायकलींचा हँगर वेगवेगळा असतो आणि खेड्यात तो मिळणं अशक्यच. भारतातून निघतानाच एक जास्तीचा घ्या.

टायर ४० मिमी ट्यूबलेस घ्या, ४५ बसत असेल तर उत्तम. ७० किलोच्या माणसाने थोडं सामान धरून ४० मिमीला पुढे ३२, मागे ३५ पीएसआय ठेवावं. कालव्याच्या दिवशी तीन-चार पीएसआय जास्त चालेल. प्रत्येक टायरमध्ये साधारण ७० मिली सीलंट (भोक बुजवणारा द्रव), शिवाय सोबत मोठं भोक बुजवायला दोन प्लग, एक ट्यूब, आणि टायरची बाजू फाटली तर आतून लावायला जाड प्लास्टिकचा तुकडा. हवा भरायची सीओटू काडतुसं विमानात नेण्यात कटकट होते, हातपंप न्या. पुढे ४० दाती, मागे ४२ दातांपर्यंतची कॅसेट (गिअरचक्रांचा संच) असली म्हणजे लादलेल्या सायकलवर मोर्व्हांचे चढ बसून निघतात.

खाण्याचं गणित घड्याळावर आहे. खेड्यातलं दुकान दुपारी बारा-साडेबारापासून दोन-तीन तास बंद, रविवारी दुपारनंतर बंद, आणि बरीचशी सोमवारीही बंद. रेस्टॉरंटमध्ये दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर किचन आवरतं. म्हणून पहिला, कालव्याचा दिवस सोमवारी येईल असं बघा, तिथे गावं जवळजवळ आहेत. शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढ्यावर थांबू नका. कीशमध्ये (अंड्याच्या सारणाचा खारा पाय) डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे बऱ्याचदा असतात आणि मासे बऱ्याच जणांच्या हिशेबात मांसात धरत नाहीत. काय-काय नको ते नाव घेऊन सांगा. ब्रेड, चीज, टोमॅटो आणि केळी यांवर दिवस निघतो. पाणी संपलं तर गावची दफनभूमी शोधा, बहुतेक ठिकाणी फुलांना पाणी घालण्यासाठी नळ असतो. 'नों पोताब्ल' लिहिलं असेल तर ते पिऊ नका. हिवाळ्यात हे नळ बंद करून ठेवतात.

मे-जून सगळ्यात बरा. सप्टेंबरमध्ये हवा छान असते, पण शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि तो साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. शनिवार-रविवारी रानडुकरांची हाकाऱ्याने शिकार होते. 'शास आं कूर' (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली की तो ट्रॅक सोडून रस्त्याने जा, आणि अंगावर भडक नारिंगी काहीतरी असू द्या. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जॅकेट कायद्यानेच सक्तीचं आहे, दिवे आणि घंटीही. गवतातून गेलात तर संध्याकाळी गुडघ्यामागे आणि जांघेत गोचीड तपासा, इथे त्यांच्यातून लाइम रोग होतो. गोचीड काढायचा छोटा प्लास्टिकचा आकडा कुठल्याही फार्मसीत मिळतो. तेल किंवा काडी लावत बसू नका, आकडा कातडीलगत सरकवा आणि पिळत काढा.

परतीला आव्हालोंहून प्रादेशिक टीईआर गाड्या मोजक्याच आहेत आणि पॅरिससाठी वाटेत गाडी बदलावी लागू शकते. सायकल न खोलता नेता येते, पण जागा मर्यादित असते. शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा. काही फेऱ्या रेल्वेऐवजी बसने चालवतात आणि बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही. वेळापत्रकात फेरीपुढे बसचं चिन्ह आहे का, ते तिकीट काढण्याआधी बघा.