डोंगळे फुलताना ओढ्याकडेही बघा

कांद्याचे डोंगळे, म्हणजे बियांसाठी ठेवलेल्या कांद्याचे फुलांचे दांडे, फुलू लागलेत. जानेवारीत लावलेल्या कलिंगडाला येत्या दोन-तीन आठवड्यांत मादी फुलं दिसतील. आणि रब्बी आटोपत आली की गावोगाव ओढ्यात पोकलेन उतरतं. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी चांगलाच संबंध आहे, कारण या पिकांचा पराग वाहणाऱ्या माशा ओढ्याच्या काठावर जगतात, म्हणून हा सल्ला आत्ताच देतोय. मे महिन्यात देऊन उपयोग नाही.

उळं, म्हणजे कांद्याचं बी, धरणाऱ्यांनी आधी डोंगळ्यावरचा एक गोंडा हातात घेऊन नीट पाहावा. त्यात शेकडो बारीक फुलं असतात आणि ती दोन-तीन आठवडे टप्प्याटप्प्यानं उमलत राहतात. एकेका फुलात आधी पराग सुटतो. स्त्रीकेसराचं टोक तो घ्यायला तयार होईपर्यंत त्या फुलातला पराग संपलेला असतो. म्हणजे फुलाला फुल जवळ असूनही मधे कुणीतरी ने-आण करणारा लागतो, आणि ते काम माशीचं. ती आली नाही तर गोंडा दिसायला टपोरा, पण चोळला की निम्मं फोल. शिवाय कांद्याच्या मकरंदात पोटॅशचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे मधमाशीला तो फारसा रुचत नाही. दुपारच्या उन्हात तो घट्टही होतो. शेजारी दुसरं काही गोड फुललं असेल तर माशी तिकडे जाते. अशा पिकाला माशा कमी पडल्या तर पहिला फटका कुठे बसणार ते उघड आहे. जालना, देऊळगाव राजा भागात बीजोत्पादन करणाऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको.

कलिंगडाचं गणित आणखी कडक. मादी फुलाच्या मागे बोराएवढं हिरवं फळ आधीच असतं. ते फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मिटतं, दुसरी संधी नाही. तेवढ्या वेळात माशीच्या अनेक फेऱ्या व्हाव्या लागतात आणि स्त्रीकेसराच्या टोकाच्या तिन्ही भागांवर पराग नीट पसरावा लागतो. एका बाजूला कमी पडला तर फळ त्या बाजूनं बसतं, वाकडं होतं. व्यापारी गाडी भरताना अशी फळं बाजूला काढतो आणि आपण खताला दोष देतो.

आता या माशा राहतात कुठे? मधपेटीतल्या माशा आपण आणतो, पण रानात राबणाऱ्या बाकीच्या? आग्या मोहोळ उंच झाडावर नाहीतर पाण्याच्या टाकीखाली, फुलोरी झुडपात, सातेरी झाडाच्या ढोलीत. वांग्या-टोमॅटोच्या फुलाला लटकून गुणगुणत पराग झाडणारी निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते. जुन्या मातीच्या भिंती आणि ओढ्याच्या उभ्या दरडी तिला आवडतात. काळा भुंगा वाळक्या लाकडात नाहीतर बांबूत घर करतो. आणि एक पाहुणा असा आहे की त्याला कुणी ओळखत नाही. गोठ्याच्या नालीत किंवा ओढ्याच्या साचलेल्या डबक्यात लांब शेपटीची मळकट अळी दिसते ना? ती शेपटी म्हणजे श्वास घ्यायची नळी. त्या अळीची पुढे मधमाशीसारखी दिसणारी, पण डंख नसलेली माशी होते आणि ती कांद्याच्या गोंड्यांवर चांगली काम करते. पिकाचा हा मजूर डबक्यात वाढतो. सगळा ओढा कोरडा, सरळ, गुळगुळीत केला की तोही गेला.

आमच्या शिवारातला ओढा तीन वर्षांपूर्वी खोल केला. पाणी वाढलं, विहिरी जानेवारीपर्यंत टिकल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण मशीनवाल्यानं तासाच्या हिशेबात दोन्ही काठ साफ करून टाकले. करंज, जांभूळ, वाळुंज, निर्गुडी, सगळं एका आठवड्यात गेलं आणि गाळाचा ढीग काठावरच पडून राहिला. पुढच्या पावसात त्यातला बराचसा पुन्हा ओढ्यात. त्यावर आता बेशरम माजलीय.

तेव्हा यंदा गावात काम निघणार असेल तर मशीन यायच्या आधी ग्रामसभेत काही गोष्टी ठरवून घ्या. खोलीकरण पात्रात करा, काठाला हात लावू नका. मशीन एकाच बाजूनं चालवा, दुसरा काठ जसा आहे तसा राहू द्या. ज्या बाजूनं मशीन जाईल तिथलीही मोठी झाडं आधीच चुन्यानं खूण करून ठेवा, कारण चालकाला करंज आणि वेडी बाभूळ सारखीच. उभी दरड जिथे बिळांनी भरलेली दिसते तो तुकडा सोडा. गाळ काढल्याच्या दिवशीच शेतात न्या. काठावर ठेवलेला गाळ म्हणजे दोनदा पैसे. आणि एखाददुसरं डबकं राहू द्या. डासांची भीती वाटते हे खरं, पण ज्या डबक्यात चतुराची पिल्लं असतात तिथे डासांच्या अळ्या त्यांच्याच तोंडी जातात.

एक शंका रास्त आहे. काठावर झाडं फुलली तर माशा कांदा सोडून तिकडे नाही का जाणार? थोड्याफार जातील. पण करंज आणि जांभूळ बहरात येतात तेव्हा कांद्याचा फुलोरा उतरणीला लागलेला असतो. उलट आपलं पीक निघाल्यावर पावसाळा येईपर्यंत शिवारात माशांना खायला काय उरतं, ते बघा. मधले दोन-अडीच महिने हे काठच त्यांना जगवतात. तेवढ्यात मोहोळं उपाशी मेली किंवा उठून गेली तर पुढच्या हंगामात पेट्यांच्या भाड्यावरच भागवायचं. पेट्या आणायच्याच असतील तर शेतात पाच-दहा टक्के फुलं दिसल्यावर आणा, आधी आणल्या तर माशा दुसऱ्याच फुलावर रुळतात. गुळाचं पाणी पिकावर फवारायचा प्रकार मला पटत नाही. माशी येते, पानावरचा गूळ चाटते आणि जाते. वर मुंग्या लागतात त्या वेगळ्या.

आता पाण्याकडे येऊ, कारण उन्हाळ्यात मधमाशीचं निम्मं लक्ष तिकडेच असतं. पोळ्यात जिथे पिल्लं वाढतात तिथे ३४ ते ३५ अंश तापमान राखावं लागतं. बाहेर चाळीस झालं की माशा पाणी आणून आत पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. कडक उन्हात एका मोठ्या वसाहतीला दिवसाला लिटरभर पाणी लागू शकतं. हे पाणी त्या सगळ्यात जवळच्या काठावरून आणतात आणि तिथेच घोटाळा होतो. फवारणी संपली की पंप ओढ्यात धुवायची सवय अजून गेलेली नाही. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन ही औषधं पाण्यात सहज विरघळतात, मधमाश्यांना फार कमी मात्रेत बाधतात आणि पाण्यातल्या किड्यांनाही. युरोपीय संघानं २०१८ मध्ये या तिन्हींचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे ती सर्रास मिळतात, तेव्हा निदान एवढं पाळा: पंप शेतातच तीनदा खळखळून घ्या आणि ते पाणी पिकाच्याच कडेला फवारून संपवा. रिकाम्या बाटल्या ओढ्यात टाकू नका. कलिंगडात या औषधांची आळवणी (मुळाशी ओतणं) किंवा ड्रिपमधून सोडणं फुलं दिसायच्या बरंच आधी थांबवा, कारण मुळातून गेलेलं औषध मकरंदात उतरतं. डोंगळ्यावरच्या फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडा फुटायच्या आधी करा. फुलोऱ्यात फवारणी टाळता येत नसेलच तर दिवस मावळल्यावर, आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून.

शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये गेन्सव्हिलजवळ टिफनी नाइट आणि सहकाऱ्यांनी आठ तळी अभ्यासली, चारांत मासे होते, चारांत नव्हते. २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये हे काम छापून आलं. मासे असलेल्या तळ्यांत चतुराची पिल्लं खाल्ली जात, त्यामुळे आसपास उडणारे चतुर कमी. चतुर माशा पकडून खातो. ते कमी झाल्यावर काठावरच्या एका पिवळ्या फुलाच्या झुडपाकडे परागवाहक जास्त येऊ लागले. पाण्यातल्या माशाचा हात फुलातल्या बियांपर्यंत पोचला, असं म्हणा. मला हे वाचून पहिला मोह असा झाला की सगळ्या डबक्यांत मासे सोडावेत. तो आवरा. तिथलं झुडूप वेगळं, तळी वेगळी, आणि चतुर डास आणि पिकावरचे किडेही खातो. प्लॅस्टिकच्या कागदाच्या शेततळ्यात कटला, रोहू वाढवता, खुशाल वाढवा. पण चिलापी किंवा गप्पी ओढ्यात, पाझर तलावात नेऊन सोडू नका. एकदा पसरली की परत काढता येत नाही, आणि आपण पाण्यात केलेला बदल काठावर कुठे निघेल हे आधी दिसत नाही.

कागदाच्या तळ्याचंच आणखी एक. त्याचा उतार गुळगुळीत असतो, पाणी प्यायला उतरलेली माशी घसरते आणि बुडते. सकाळी वारा तळ्याच्या ज्या बाजूकडे वाहतो तिथल्या कोपऱ्यात जाऊन पाहा, तरंगणाऱ्या माशा मोजून घ्या. उपाय अगदी स्वस्त. चारही कोपऱ्यांत काठावरून काथ्याचे जाड दोर पाण्यात सोडा आणि मधे दोन-चार वाळकी लाकडं तरंगत ठेवा. पेट्यांजवळ सावलीत एक पसरट घमेलं ठेवा, त्यात पाण्याच्या वर डोकं राहील असे दगड. पाणी दररोज बदला, पण घमेल्याची जागा बदलू नका. माशांना ती एकदा सापडली की त्या तिथेच येतात. हे घमेलं पेट्या उतरवतानाच ठेवा. ओढ्याची वाट एकदा लागल्यावर त्यांना तिथून वळवणं जड जातं.