रशियनमध्ये कानातले बोळे मागताना या चुका टाळा

एमबीबीएससाठी रशियाला निघालेल्या मुलांच्या बॅगेत चटण्या, मसाले, कुकर सगळं असतं. कानात घालायचे बोळे, म्हणजे इअरप्लग, तेवढे नसतात. तिकडे गेल्यावर होस्टेलच्या खोलीत घोरणारा सोबती मिळतो, नाहीतर आगगाडीचा ‘प्लात्स्कार्त’ डबा नशिबी येतो. ५४ बर्थ, दारं नाहीत, आणि घोरण्याचे ५४ प्रकार. मग औषधाच्या दुकानात जायचं आणि रशियन आठवायचं.

शब्द सोपा आहे: बेरुशी. लिहिताना असा, बोलताना ‘बिरूशि’. ‘बेरेगी ऊशी’ म्हणजे ‘कान जप’, या दोन शब्दांची डोकी-शेपट्या जोडून तो बनला. सोव्हिएत काळात अशी जोडणी सर्रास चाले. कोल्खोज (सामूहिक शेत), कोम्सोमोल (तरुण कम्युनिस्टांची संघटना) हे त्याच टाकसाळीतले. सुरुवातीला ते एका मालाचं नाव होतं, पुढे कोणत्याही इअरप्लगला लोक बेरुशीच म्हणू लागले. ‘बेरू’ म्हणजे ‘मी घेतो’ असंही क्रियापद आहे, म्हणून काही जण या शब्दाची फोड ‘घेतो’वरून करतात. ती चुकीची.

इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कान म्हणजे ‘ऊखा’, बूच म्हणजे ‘प्रोप्का’, म्हणून जोडून ‘उश्नाया प्रोप्का’ तयार केलं की काउंटरपलीकडच्या बाईला ऐकू येतं, ‘माझ्या कानात मळाचा खडा बसलाय’. रशियन डॉक्टर कानातल्या घट्ट मळाला ‘प्रोप्का’च म्हणतात. ती तुम्हाला मळ सैल करायचे थेंब काढून देईल, आणि तिचं काही चुकलेलं नसेल.

मराठीवरून केलं तरी फसगत होते. ‘कापसाचा बोळा’ मनात धरून ‘वाता’ मागितलात तर कापसाची गुंडाळी हातात पडेल. ‘ज़ातीच्की द्ल्या ऊशेय’, म्हणजे कानात कोंबायच्या गुडद्या, हे मात्र चालतं. ऐकायला जरा घरगुती वाटतं एवढंच. जिथे-तिथे नाक खुपसणाऱ्या माणसालाही रशियन लोक ‘प्रत्येक पिंपाची ज़ातीच्का’ म्हणतात.

‘नाऊश्निकी’ म्हणजे हेडफोन. कारखान्यात कानांवर चढवतात ती आवाजरोधक साधनंही याच नावाची, पण ती घालून कुशीवर झोपता येत नाही. या शब्दाच्या एकवचनाचा जुना अर्थ मजेशीर आहे: ‘नाऊश्निक’ म्हणजे साहेबाचे कान भरणारा चुगलखोर. आपल्याकडेही कानच भरतात.

अक्षरं बघून फसणं

पाटीवर किंवा डब्यावर हा शब्द बघितला की रोमन लिपीची सवय आडवी येते. पहिलं अक्षर इंग्रजी सहाच्या आकड्यासारखं, तो ‘ब’. तिसरं ‘पी’सारखं दिसतं, तो ‘र’. चौथं ‘वाय’सारखं, तो ‘ऊ’. पाचव्याला तीन उभ्या काठ्या, तो ‘श’. शेवटचं उलट्या ‘एन’सारखं, तो ‘इ’. छापील अक्षरात हे दोन दिवसांत बसतं. हस्ताक्षरात शेवटची दोन अक्षरं म्हणजे नुसती लाटांची रांग होते, काठ्या मोजत बसावं लागतं.

उच्चार

आपण ‘बेऽरुशीऽ’ म्हणतो: पहिला ‘बे’ ठसठशीत, शेवटची ‘शी’ लांब. रशियनमध्ये सगळा जोर मधल्या ‘रू’वर. जोर नसलेला ‘बे’ आखडून ‘बि’ होतो, आणि शेवटचा स्वर ‘इ’ नसतोच. तो जीभ मागे ओढून काढलेला, इ आणि उ यांच्या मधला, जरा घुसमटलेला स्वर आहे. तिथली पहिलीतली मुलंसुद्धा इथे चुकतात, म्हणून त्यांना एक यमक घोकायला लावतात, ‘झी, शी पिशी स बुक्वय ई’: ऐकू काहीही येवो, लिहिताना ‘ई’च लिही.

मराठी जिभेसाठी युक्ती अशी. स्वराच्या मागे लागू नका, आधी ‘श’ दुरुस्त करा. रशियन ‘श’ आपल्या शहाळ्यातला नाही. आपण लिहितो पण बोलत नाही, त्या पोटफोड्या ‘ष’च्या जवळचा आहे. ‘ट’ म्हणायला जीभ जिथे वळते तिथे ती ठेवून ‘श’ काढा. पुढचा स्वर आपोआप मागे सरकतो.

‘ऊशी’ म्हणजे कान, हे लक्षात ठेवायला मराठी माणसाला कष्ट नकोत. उशीवर कान टेकतोच की आपण! फक्त जोर ‘ऊ’वर द्यायचा. एक कान ‘ऊखा’ आणि अनेक ‘ऊशी’ असं वेडंवाकडं रूप का, तर ते जुन्या द्विवचनाचं अवशिष्ट आहे. संस्कृत शिकलेल्यांना त्यात नवल वाटणार नाही.

वाक्यात बसवताना

शब्द अनेकवचनातच वापरा. एकच हरवला तर लोक ‘अद्ना बिरूशा’ म्हणतात, पण दुकानात मागायचे ते ‘बिरूशि’च. ‘ऊ वास येस्त्य बिरूशि?’ म्हणजे ‘तुमच्याकडे बोळे आहेत का?’ नाही म्हणताना रूप बदलतं: ‘बिरूशेय न्येत’. कुणी नुसतं ‘बिरूश न्येत’ म्हणेल, अर्थ तोच. उत्तरात वेगळा शब्द ऐकून गोंधळून पुन्हा विचारू नका, माल संपलेला असतो.

हेडफोन ‘घालतात’, बोळे मात्र ‘आत बसवतात’, क्रियापद ‘फ्स्तावित्य’. आणि आपण बोळे घालून झोपतो, तर रशियन माणूस बोळ्यांत झोपतो: ‘स्प्ल्यू व बिरूशाख’.

शब्द बरोबर, वस्तू चुकीची

डब्यावरचे पुढचे दोन शब्द न वाचता घेतलं की हे होतं. ‘द्ल्या स्ना’ म्हणजे झोपेसाठी. ‘द्ल्या प्लावानिया’ म्हणजे पोहण्यासाठी. ते पाणी अडवायला केलेले असतात, त्यांच्याकडून घोरणं थांबायची आशा धरू नका. ‘सिलिकोनाविये’ सिलिकॉनचे, ‘वस्कावीये’ मेणाचे. मेणाचे हातात मऊ करून कानाच्या तोंडावर थापायचे असतात, आत ढकलायचे नाहीत. फोमचे हवे असतील तर चिमटीत दाबून, सोडून, फुगताना दाखवा. ही खूण कुठल्याही काउंटरवर कळते. नाहीतर कानाकडे बोट करून ‘अत ख्रापा’ म्हणा, ‘घोरण्यावर’. बाईने सहानुभूतीने मान हलवली की समजा, बरोबर डबा येतोय.