थंडीत घरचा प्रिंटर रुसला तर काय करायचं

आपल्याले सवय उन्हाळ्याची, त्यामुळे थंडीनं मशीन अडते हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. पण नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ले पारा ३.५ अंशावर गेला होता, अन् खेड्यात टिनाच्या खोलीत पहाटे कसं गारठते ते सांगायची गरज नाही. घरच्या बऱ्याच इंकजेट (ओली शाई फवारणाऱ्या) प्रिंटरच्या पुस्तिकेत चालवायचं तापमान साधारण १० ते ३५ अंश लिहून राहते. म्हणजे जानेवारीत सकाळी सातले पोराचा प्रोजेक्ट काढायले बसलं की आपण त्या हद्दीच्या काठावरच.

होते काय, तर गारठ्यात शाई घट्ट होते अन् हेडच्या नोझलमधून, म्हणजे शाई फवारायच्या बारीक छिद्रातून, नीट सुटत नाही, मग पानावर पट्टे येतात, कधी पिवळा रंगच गायब. आपण लगेच हेड क्लीनिंग, म्हणजे शाई ओढून छिद्रं मोकळी करायची सोय, मारतो, नाही जमलं की परत मारतो, अन् परत. हे नका करू बावा. प्रत्येक क्लीनिंगमध्ये शाई जाते ती आतल्या वेस्ट इंक पॅडमध्ये (वाया शाई शोषणारा स्पंज), अन् तो भरला की मशीन एरर देऊन बसते, मग तालुक्याले सर्व्हिसवाल्याकडे चकरा. त्यापेक्षा ऊन वर येऊ द्या, दहा-अकराले चालू करा, आधी नोझल चेकचं पान काढा. रेघा तुटक दिसल्या तर एक क्लीनिंग, परत चेक, फार तर दोन-तीनदा. तरी जुळलं नाही तर बटनानं बंद करून रातभर तसाच राहू द्या अन् दुसऱ्या दिवशी दुपारी पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानंच रेघा भरून येतात. टाकीत शाई खालच्या खुणेच्या वर आहे का तेही पाहून घ्या, कमी असली तर क्लीनिंगनं उलटी हवा ओढते.

अन् बंद करायचं ते प्रिंटरच्याच बटनानं. बोर्डाचं बटन पाडलं की हेड मधातच अडकते, टोपीखाली जात नाही, मग वाळणारच. लाइन गेली असंल तर आल्यावर एकदा चालू करून नीट बंद करा. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा, नुसते काळे सातबारे काढत राहाल तर बाकीचे रंग पडून वाळतात.

शेकोटी, हीटर, केस वाळवायचं मशीन, यातलं काही प्रिंटरजवळ नेऊ नका. प्लास्टिक वाकते, राख आत जाते. नागपूरहून रात्री गाडीवर थंडगार प्रिंटर आणला तर लगेच खोका फोडू नका, दोन-तीन तास घरात तसाच ठेवा, नाहीतर आतल्या गार भागावर दव धरते, अन् तशात करंट दिला की आतला सर्किट बोर्ड जायची भीती.

आता आपल्याकडचा खास त्रास, कापूस! भाव येईपर्यंत घरोघरी गंजी लागून राहते अन् त्याच खोलीत प्रिंटर. मागचं झाकण उघडून कागद ओढणारा रबरी रोलर पाहा, त्यावर करडी लव चिकटून असते, हात लावला तर रोलर गुळगुळीत लागते. थंडीत रबर तसंही कडक होते, त्यात ही लव, मग कागद घसरतो अन् आपण म्हणतो प्रिंटर कागदच घेत नाही. बंद करून प्लग काढा, जराशा ओल्या कापडानं रोलर हातानं फिरवत पुसा, वाळू द्या. काम झालं की वरून झाकून ठेवा.

कागदाचं एवढंच, की रिम उघडी टाकू नका. धुक्यात कागद ओल धरतो, अन् कोरड्या दिवसात पानं एकमेकाले चिकटून दोन-दोन जातात, ट्रेमध्ये टाकायच्या आधी फडफडवून घ्या.

लेझरवाल्यांची शाई वाळायची भानगड नाही, पण त्याचा फ्यूझर (शाईची पावडर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) दोनशे अंशाच्या आसपास तापतो, त्यामुळे थंडीत पहिल्या पानाले वेळ लागते. तेव्हा बटनं दाबत बसू नका. तापताना तो एकदम मोठा करंट ओढते, म्हणून कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. इंकजेटले मात्र फार कमी वॅट लागतात, तो घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालते.