गोव्यात जास्त मिळतं की बेळगावात जास्त सुटतं? कमाईची तुलना कशी करायची

आपल्याकडं हा विषय निघाला की वाद ठरलेलाच बघा. एक म्हणतो गोव्यात गवंड्याला रोजचे इतके मिळतात, दुसरा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या पोराचा महिन्याचा पगार सांगतो, तिसरा उसाचा टनाचा भाव सांगतो आणि वडगावातला (हा शहरातला विणकरांचा भाग) मागवाला साडीमागं मजुरी किती ते सांगतो, मग निपाणीकडचं कोणतरी विडीची हजारी मजुरी काढतं. पाच जणांची पाच मापं, आणि तरी सगळे ठासून सांगतात की अमक्यापेक्षा तमक्याचं बरं आहे. हे असं तोलता येत नाही की. खरंच बघायचं असेल, म्हणजे पोराला कुठल्या कामाला लावायचं, गोव्याला जायचं का, सीमेपलीकडं महाराष्ट्रात, चंदगडातली पाहुणी मंडळी आपल्यापेक्षा बरी आहेत का, तर आधी सगळं एका मापात आणावं लागतं. वही आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर, बास.

माप धरायचं ते असं: वर्षभरात, खर्च जाऊन, घरात आलेले पैसे, भागिले घरातली माणसं. रोजचा आकडा कधीच धरू नका.

का ते बघा. समजा एका गवंड्याला दिवसाला ९०० मिळतात. ऐकणारा लगेच तीसनं गुणतो आणि २७,००० म्हणतो. पण काम महिन्यातनं वीस दिवसच लागतं, आणि पावसाळ्यात, त्यातनं खानापूर-जांबोटीकडं तर, बाहेरचं काम दोन-तीन महिने जवळजवळ बंदच. मग ९०० गुणिले २० गुणिले ९, झाले १,६२,०००. तिकडं फाउंड्रीतल्याला (धातू ओतायच्या कारखान्यातल्याला) महिन्याला १५,००० म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण ते बारा महिने म्हणजे १,८०,०००, वर बोनस आणि पीएफ, ईएसआय (कामगारांचा दवाखान्याचा विमा) असेल तर ते वेगळंच. हे आकडे मी नुसते उदाहरणाला घेतलेत, तुमच्या गल्लीतले खरे आकडे तुम्ही घाला.

आता हे विचारायचं कसं, कारण "वर्षाला किती कमावतोस" असं कुणाला विचारलं तर काय सांगणार तो? हिशोब कुणी ठेवत नाही. सणांनी विचारा. गणपती ते दिवाळी किती आठवडे काम होतं, दिवाळी ते यात्रा किती, मिरगाच्या पावसात किती दिवस घरी बसला, लावणीच्या वेळी बायको रोजगाराला गेली का. असं विचारलं की लोकांना बरोबर आठवतं, आणि दहा मिनिटात वर्षाचा कागद तयार होतो. आठवड्याचा पगार शनिवारी घेणाऱ्याला आठवड्यानं विचारा, महिन्यानं विचारलं तर तो चार आठवडे धरतो आणि वर्षात चार आठवडे कमी पडतात.

उसाचं प्रकरण जरा वेगळं, तिथं थांबून बघायला पाहिजे. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातनं निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५०. ऐकायला छान. पण त्यातनं तोडणी-वाहतूक कापून जाते, आणि कारखाना जितका लांब तितकी वाहतूक जास्त. नोव्हेंबर २०२५ ला मुडलगी तालुक्यात गुर्लापूरला ऊसवाले रस्त्यावर बसले ते ३५०० मागत होते आणि शेवटी ३३०० वर मिटलं. एक आकडा ३५५०, एक ३५००, एक ३३००, आणि सगळे टनाचेच, म्हणून कुणी भाव सांगितला की पहिला प्रश्न हाच, तोडणी-वाहतूक धरून की सोडून? दुसरी गोष्ट लोक सोडूनच देतात, आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो, मग ते पैसे एका वर्षाचे कसे झाले? अठरानं भागा आणि बारानं गुणा. मग खत, बियाणं, पाणी, सोसायटीचं व्याज काढा. राहतं ते लिहा. रायबाग-अथणीकडचा मोठा बागायतदार तरीही वरच राहील, पण दीड एकरवाल्याचं गणित बऱ्याचदा फाउंड्रीतल्या पोराच्या खाली येतं, आणि गावात मान मात्र रानवाल्यालाच.

त्याच उसाच्या तोडणीला बीडकडनं, विजापूरकडनं टोळ्या येतात, त्यांचं आणखी निराळं. उचल आधीच घेतलेली असते, ती कमाई म्हणून लिहू नका, ते कर्ज आहे जे कामातनं फिटतं. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. तेव्हा कोयत्याची कमाई एका माणसाच्या पगाराशी लावली तर तिथंच हिशोब फसला.

हीच गोष्ट मागाची. वडगाव, शहापूर, खासबागेत स्वतःचे माग असलेला वेगळा आणि दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं बसणारा वेगळा, दोघंही "विणकर"च. मागवाल्याच्या आकड्यातनं लाईट बिल, सामान, दुरुस्ती काढा. आणि घरातली बायको, सून, म्हातारी दिवसभर कांड्या भरत असतात त्यांची मजुरी कुणी धरत नाही. धरा. तीन माणसं मिळून वीस हजार म्हणजे एका माणसाचे वीस हजार नव्हेत. विडीला तर हजाराचा सरकारी दर असतो, पण खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, कमी पडलेलं पान, शाळेतनं आल्यावर हात लावणारी पोरगी, हे सगळं त्या दरात दिसतच नाही. अथणी, निपाणी, मदभावीच्या कोल्हापुरी चपलांचं पण तसंच. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्यात कर्नाटकातले चार आणि महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत, पण शोरूममधली किंमत म्हणजे कारागिराची कमाई नव्हे. जोडीमागं हातात किती येतात आणि आठवड्यात किती जोड्या होतात एवढंच विचारा.

मग गाव बदललं की काय होतं ते. गोव्याला जाणाऱ्याचं दोन ठिकाणी घर चालतं, तिथलं खोलीभाडं, जेवण, महिन्याला येणं-जाणं हे आधी काढा आणि घरी किती पाठवतो तेच धरा. महाराष्ट्रातल्या शिनोळीला कामाला जाणाऱ्याचं तसं नाही, तो रोज घरी येतो, पण पेट्रोल धरा. बेळगावातनं शिनोळी हाकेच्या अंतरावर पण राज्य बदलतं, म्हणजे किमान वेतनाचा कायदेशीर दर वेगळा. महाराष्ट्रात त्यातला महागाईचा भाग वर्षातनं दोनदा बदलतो, कर्नाटकात एप्रिलला एकदा. तेव्हा उद्यमबागेतली आणि शिनोळीतली मजुरी लावून बघताना दोन्ही एकाच महिन्यातल्या घ्या, एक मार्चची आणि एक ऑगस्टची असं करू नका.

महागाईचं. पेपरात महागाई निर्देशांक येतो तो बघून कोण म्हणतं अमक्या शहराचा आकडा जास्त म्हणजे ते शहर महाग. असं नसतं हो, तो आकडा त्याच गावात आधीच्या वर्षापेक्षा किती वाढलं ते सांगतो, दोन गावांतला फरक नाही. त्यापेक्षा स्वतः यादी करा, तांदूळ, जोंधळे, तेल, गॅस, भाडं, शाळेची फी, डॉक्टर, बस, आणि दोन्हीकडं फोन करून भाव विचारा. सरकारी आकड्यातनं अंदाज हवाच असेल तर तेंडुलकर समितीच्या पद्धतीच्या दारिद्र्यरेषा (याच्या खाली खर्च असेल तो गरीब) चालतात. २०११-१२ ला डोई महिना खेड्यात कर्नाटक ९०२, महाराष्ट्र ९६७, गोवा १०९०, आणि शहरात १०८९, ११२६, ११३४. रेषा म्हणून हे आता जुने झाले, आजची गरिबी यावर मोजू नका, पण आपसातला फरक बघा, खेड्यात गोवा आपल्यापेक्षा पाचवा हिस्सा महाग आणि शहरात चार टक्केच. शहरातलं खोलीभाडं बघितलेला माणूस या चार टक्क्यांवर हसेल, म्हणून भाडं स्वतःच विचारायचं.

सरकारी मदतीला वेगळा रकाना करा, कमाईत मिसळू नका, कारण ती कधी थांबेल, कधी तीन महिन्यांची एकदम येईल, सांगता येत नाही. इकडं कर्नाटकात गृहलक्ष्मीचे २००० (२०२३ पासून), तिकडं महाराष्ट्रात लाडक्या बहिणीचे १५०० (२०२४ पासून). इकडं सरकारी साध्या बसला बायकांना तिकीट नाही, तिकडं एसटीला अर्धं तिकीट. रोजगार हमीचा दर २०२५-२६ ला कर्नाटकात ३७०, महाराष्ट्रात ३१२, गोव्यात ३७८. सीमाप्रश्नावर कुणाचं काय मत असेल ते असो, रोजगार हमीच्या मस्टरवर (हजेरीपटावर) खानापूरची बाई चंदगडच्या बाईपेक्षा दिवसाला ५८ रुपये वर होती हे लिहायलाच पाहिजे. अर्थात काम किती दिवस मिळालं त्यानं गुणूनच.

आणि रेशन कार्डावरनं गरिबी मोजायला जाऊ नका. कर्नाटकात बीपीएलला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा १,२०,०००, महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबाला खेड्यात ४४,००० आणि शहरात ५९,०००. म्हणजे तेच घर, तीच कमाई, सीमेच्या अलीकडं गरीब आणि पलीकडं नाही.

आता डोई हिशोब. वरच्या गवंड्याच्या घरात चार माणसं आणि बायकोचे वर्षाला ३६,००० येतात असं धरा, १,९८,००० झाले, डोई महिना ४,१२५. फाउंड्रीवाल्याचे १,८०,००० पण घरात आई-वडील धरून सहा माणसं आणि कमावणारा एकटा, डोई २,५००. पगार फाउंड्रीवाल्याचा चांगला, घर गवंड्याचं बरं चालतं. अंदाजाला, २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत डोई महिना सरासरी खर्च खेड्यात कर्नाटकात ४,३९७ आणि महाराष्ट्रात ४,०१० होता, शहरात ७,६६६ आणि ६,६५७. शहरी आकड्यात बेंगळूर बसलंय हे विसरू नका, त्यावरनं बेळगावातली सुखवस्तू टिळकवाडी पण कळत नाही आणि विणकरांचं खासबाग तर नाहीच. राज्याची सरासरी किती फसवते बघा, प्रादेशिक असमतोल बघायला नेमलेल्या नंजुंडप्पा समितीनं २००२ ला कर्नाटकातल्या १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरवले होते.

गरिबीचे टक्के वाचताना कशाचे आणि कधीचे ते आधी बघा. तेंडुलकर पद्धतीनं २०११-१२ ला कर्नाटक २०.९१ टक्के, महाराष्ट्र १७.३५, म्हणजे आपण मागं. नीती आयोगाच्या बहुआयामी मोजणीत २०१९-२१ ला कर्नाटक ७.५८, महाराष्ट्र ७.८१, म्हणजे आपण थोडंसं पुढं. पहिल्यात खर्च मोजलाय, दुसऱ्यात आरोग्य, शिक्षण, चूल, पाणी, संडास, बँक खातं अशा बारा गोष्टी. तेव्हा गरिबी २०.९१ वरनं ७.५८ वर आली असं कुणी भाषणात ठोकलं तर मान डोलवू नका.

कामाकामाची तुलना करताना वय आणि अनुभव पण सारखा धरा, वीस वर्षं मोल्डिंग केलेला आणि कालचा आयटीआयचा पोरगा एका ओळीत नको. एकाच घरावरनं पण काही ठरवू नका, एका कामातली सात-आठ घरं विचारा, कमी ते जास्त असं लावा आणि मधलं घ्या, सरासरी काढली की एखादा मोठा मागवाला सगळ्यांना श्रीमंत करून टाकतो.

शेवटची अडचण म्हणजे लोक खरं सांगत नाहीत. कार्ड जाईल म्हणून कमी सांगतात, पोराचं लग्न ठरवायचं असेल तर जास्त. मग कमाई सोडा आणि खर्च विचारा, किराणा महिन्याला किती, दुकानात उधारी किती, फी कधी भरली, बचत गटाच्या संघाचा आणि फायनान्सचा आठवड्याचा हप्ता किती. खर्च कमाईपेक्षा बराच जास्त निघाला तर एकतर कमाई लपवली किंवा कर्ज काढून चाललंय, आणि यातलं कुठलं ते हप्त्यावरनं कळतं. हप्ता भरायला दुसरीकडनं उचललंय का तेवढं हळूच विचारा, चारचौघांत नको, आणि ते पैसे कमाईच्या रकान्यात जाऊ देऊ नका.