बंद झालेले बग पुन्हा वाचताना

सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नव्याने रुजू होणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात जिरावर (दोषांची नोंद ठेवण्याच्या सॉफ्टवेअरवर) बग, म्हणजे प्रणालीतले दोष, नोंदवायला शिकवले जाते. दुरुस्त होऊन बंद झालेले बग एकत्र वाचायला मात्र सहसा कोणी शिकवत नाही, आणि मलाही त्याचे महत्त्व उशिराच कळले.

कर्जखात्यांच्या एका प्रणालीत ३१ जानेवारीला सुरू झालेल्या कर्जाचा फेब्रुवारीचा हप्ता ३ मार्चला पडत होता. मी नोंदवलेला तो बग दोन दिवसांत दुरुस्त झाला. पुढे आठवणीच्या एसएमएसमध्ये, खातेउताऱ्यात आणि व्याजाच्या हिशेबात महिनाअखेरीचेच दोष निघाले. ते निरनिराळ्या डेव्हलपरांनी बंद केले, आणि चारही नोंदींत मूळ कारणाच्या रकान्यात 'कोडिंग एरर' एवढेच लिहिलेले होते. सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवून चाळल्यावर लक्षात आले, की महिन्यात ती तारीखच नसेल तर काय करायचे, हे रिक्वायरमेंटमध्ये, म्हणजे प्रणालीने काय करायचे ते सांगणाऱ्या दस्तऐवजात, कुठेच नव्हते आणि ज्याने त्याने ते आपापल्या समजुतीने ठरवले होते.

'कोडिंग एरर' हे उत्तर खोटे नसते, पण त्यातून काही हाती लागत नाही. आयबीएममध्ये राम चिल्लरेगे आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली, १९९२ मध्ये शोधनिबंधातून मांडलेली 'ऑर्थोगोनल डिफेक्ट क्लासिफिकेशन' ही पद्धत इथे उपयोगी पडते. दुरुस्तीसाठी नेमके काय बदलावे लागले, तपासणीची अट, अल्गोरिदम की इंटरफेस (दोन भागांमधला दुवा), आणि ते चुकले होते की लिहायचेच राहून गेले होते, हे त्यात वेगवेगळे नोंदवतात. राहून गेलेल्या गोष्टींचे प्रमाण वाढू लागले, की डेव्हलपरला धारेवर धरण्याऐवजी रिक्वायरमेंट आणि डिझाइनच्या रिव्ह्यूकडे पाहावे. आमचे चारही दोष त्याच जातीचे होते.

दोष कोणत्या टप्प्यावर शिरला आणि सापडण्याआधी रिव्ह्यू किंवा टेस्टिंगच्या कोणत्या चाळणीतून निसटला, हे बग बंद करतानाच लिहून घ्यावे. पंधरा दिवसांनी विचारले तर कोणालाही आठवत नाही. माणशी बग मोजण्याच्या फंदात मात्र पडू नये. तसे तक्ते मॅनेजरच्या स्लाइडवर झळकू लागले, की बग जिराऐवजी चहाच्या टपरीवर मिटवले जातात.

आम्ही रिव्ह्यूच्या चेकलिस्टमध्ये 'तारखा: महिनाअखेर, लीप वर्ष, बँकेची सुट्टी' अशी एकच ओळ वाढवली. पुढच्या रिलीजमध्ये २९ फेब्रुवारीचा प्रश्न कोडची एकही ओळ लिहिण्यापूर्वी रिव्ह्यूतच विचारला गेला, आणि त्याचे उत्तर द्यायला बिझनेस अॅनालिस्टला तीन दिवस लागले.