बीमचे डिझाइन करण्यापूर्वीची तयारी

आयएस 456:2000 (काँक्रीटच्या बांधकामाची भारतीय संहिता), एसपी 16 (तिच्यावर आधारित डिझाइनचे तक्ते) आणि आर्किटेक्टचा शेवटचा सुधारित नकाशा जवळ असावा. आकडेमोड न्यूटन आणि मिलिमीटरमध्येच करावी, किलोन्यूटन-मीटर अगदी शेवटी.

लोडची यादी घरमालकाशी बोलल्याशिवाय पूर्ण करू नये. राहत्या घराला चौरस मीटरला 2 किलोन्यूटन लाइव्ह लोड (माणसे व सामानाचा बदलता भार) धरण्याचा प्रघात आहे. परंतु धुळे-जळगावकडे खाली दुकानाचा गाळा आणि वर घर अशा बांधकामात वरची एखादी खोली हंगामात मालाने भरते. सुटा कापूस जागा व्यापतो, वजन फारसे देत नाही. गव्हाचा मीटरभर उंचीचा ढीग मात्र चौरस मीटरला सात-आठ किलोन्यूटन भार टाकतो, आणि ते नकाशावर कोठेही लिहिलेले नसते. बीमचे स्वतःचे वजन व वरची भिंत मिळवून बेरजेला 1.5 ने गुणावे. काँक्रीटचा 1.5 आणि पोलादाचा 1.15 हे सुरक्षा गुणांक सूत्रांतील 0.36 (काँक्रीटसाठी) व 0.87 (पोलादासाठी) या आकड्यांत आधीच धरलेले आहेत; ते पुन्हा लावू नयेत.

आता ज्या एका गोष्टीपायी मागील काम पुन्हा करावे लागले आणि ही यादी लिहावी लागली, ती: इफेक्टिव्ह डेप्थ. बीमची पूर्ण उंची म्हणजे इफेक्टिव्ह डेप्थ नव्हे, आणि पूर्ण उंचीतून अंदाजाने 25 मिलिमीटर वजा केले म्हणजेही ती मिळत नाही. ती बीमच्या दाबाच्या कडेपासून ताणातील सळयांच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजायची असते, म्हणून सळया कशा बसणार हे ठरल्याशिवाय ती ठरत नाही. 230 × 600 चा बीम, एम 25 काँक्रीट, एफई 500 पोलाद (आकडे मजबुतीचे, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर) आणि 20 मिलिमीटरच्या चार सळया घ्या. अंदाजाने 575 धरले, तर न्यूट्रल अ‍ॅक्सिसची (दाब आणि ताण यांच्यामधील रेषेची) खोली 264 येते आणि इफेक्टिव्ह डेप्थच्या 0.46 पटीची मर्यादा 264.5, बीम काठावर का होईना, पास होतो. प्रत्यक्षात संहितेतील मॉडरेट परिस्थितीचे 30 मिलिमीटर कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) आणि 8 ची रिंग दोन्ही बाजूंनी गेल्यावर रुंदीत 154 उरतात, चार सळयांमधील मोकळी जागा 24.7 येते, आणि 20 मिलिमीटरच्या खडीला किमान 25 हवी. सळया दोन थरांत, दोनावर दोन जातात, इफेक्टिव्ह डेप्थ 532 वर उतरते, मर्यादा 244.7 होते आणि तोच बीम ओव्हर-रिइन्फोर्स्ड ठरतो: सळई यील्ड होण्याआधी (ताणून कायमची लांबण्याआधी) काँक्रीट चिरडणार, म्हणजे भेगा रुंदावून इशारा मिळण्याऐवजी एकदम घात. लिमिटिंग मोमेंटही (दाबाच्या बाजूला सळया न देता बीम पेलू शकणारा कमाल वाकवणारा मोमेंट) 253 वरून 216 किलोन्यूटन-मीटरवर येते, कारण त्या सूत्रात डेप्थचा वर्ग आहे.

म्हणून सळया निवडल्यावर रुंदीत त्या मावतात का हे कागदावर काटछेद काढून पाहावे, इफेक्टिव्ह डेप्थ नव्याने काढावी आणि गणित पुन्हा करावे. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनीही त्यात कव्हर म्हणून काय भरले आहे ते उघडून बघावे. तेथे सळईच्या कडेपर्यंतचे अंतर मागितले आहे की मध्यापर्यंतचे, हे न वाचता आकडा भरणारे पुष्कळ आढळतात. बीम फेल होत असेल, तर उंची वाढवावी किंवा दाबाच्या बाजूला सळया द्याव्यात. ताणाच्या बाजूला आणखी सळया कोंबू नयेत.

आधारावर ताण वरच्या बाजूला असतो, तेव्हा तेथील इफेक्टिव्ह डेप्थ वरच्या सळयांसाठी वेगळी काढावी. तेथे स्लॅबच्या सळया आडव्या जात असल्याने बीमची सळई बहुधा ठरल्यापेक्षा खाली बसते, आणि काँक्रीट टाकताना त्यावरून पाट्या घेऊन चालणारी माणसे ती आणखी दाबतात. फिटर काहीही म्हणो, टेप लावून मोजल्याशिवाय काँक्रीटला परवानगी देऊ नये.

उरलेले थोडक्यात. किमान सळई 0.85 भागिले एफवाय (पोलादाची यील्ड मजबुती, येथे 500) या प्रमाणात, कमाल 4 टक्के. डिफ्लेक्शनसाठी (बीम किती झुकतो यासाठी) स्पॅन-डेप्थ गुणोत्तर. तेथेही इफेक्टिव्ह डेप्थच, पूर्ण उंची नव्हे. वेबची (बीमच्या उभ्या भागाची) उंची 750 च्या वर गेली तर बाजूच्या सळया. शिअर (कातर बल) आणि डेव्हलपमेंट लेंग्थ (सळई काँक्रीटमध्ये पक्की धरण्यासाठी लागणारी लांबी) वेगळ्या कागदावर. क्युरिंग आपल्याकडील कोरड्या उन्हात किमान 10 दिवस.