अँड्रॉइड स्टिरिओचा उजेड सेन्सरने आपोआप कमी-जास्त करायचा तर

जूनमध्ये संभाजीनगरला सूर्य मावळतो तो सात वाजून गेल्यावर, आणि जानेवारीत उगवतो तोही सातच्या सुमाराला. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच अँड्रॉइड स्टिरिओंना याची काही पडलेली नसते. त्यांचं 'ऑटो' म्हणजे घड्याळ: संध्याकाळी सहाला स्क्रीन मंद, सकाळी सहाला लख्ख. त्यामुळे जूनच्या संध्याकाळी जालन्याहून संभाजीनगरकडे येताना समोरचं ऊन डोळ्यांत घुसत असतं, आणि नेमका तेव्हाच नकाशा दिसेनासा होतो. जानेवारीत पहाटे सहाला बाहेर मिट्ट काळोख आणि स्क्रीन मात्र भर दुपारसारखी.

दुसरी सोय पार्किंग लाइटच्या वायरीवर चालते. दिवे लावले की स्क्रीन मंद. तीही अर्धीच कामाची, कारण कन्नडच्या घाटात धुक्यामुळे भर दिवसा दिवे लावले तरी स्क्रीन विझल्यासारखी होते. रात्रीचा त्रास याहून वाईट. उसाच्या हंगामात दिवा ना रिफ्लेक्टर अशी ट्रॅक्टर-ट्रॉली पुढे असते. डोळे अंधाराला सरावलेले असतील तरच ती वेळेत दिसते, आणि शेजारी स्क्रीन भगभगत असेल तर डोळे सरावतच नाहीत.

उपाय सोपा आहे. पार्किंग लाइटऐवजी त्याच वायरीला आपला सेन्सर 'आता अंधार झाला' असं सांगेल. स्टिरिओ उघडायचा नाही, त्यात कुठलं अ‍ॅप टाकायचं नाही. गाडीसोबत कंपनीची स्क्रीन आली असेल तर मात्र हे करू नका. अशा गाड्यांत उजेडाचा सेन्सर बहुधा असतोच, आधी सेटिंगमध्ये शोधा.

सामान थोडंच लागतं: आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड) १, बीएच १७५० हा उजेडाचा सेन्सर २ (पांढऱ्या घुमटाचा मिळाला तर तोच), पीसी ८१७ ऑप्टोकपलर (आतल्या दिव्यावर चालणारा छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच) १, रेझिस्टर ३३० ओहम, ४७० ओहम (अर्धा वॅट) आणि १० किलोओहम प्रत्येकी १, १ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, चार तारांची बारीक केबल दीड-दोन मीटर, हीट श्रिंक ट्यूब (तापवली की वायरीवर आवळून बसणारी नळी). मल्टिमीटर हवाच. मीटर धरून हजाराच्या आसपास काम होतं.

सेन्सर दोन का, हा प्रश्न येणारच. स्क्रीन दिसते की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे स्क्रीनच्या काचेवर किती उजेड पडतोय. सकाळी पश्चिमेकडे निघालात की मागच्या काचेतून ऊन थेट स्क्रीनवर येतं. दुसरी म्हणजे तुमचे डोळे कशाला सरावलेत. संध्याकाळी सूर्य समोर असतो तेव्हा स्क्रीनवर सावली असते, पण डोळे बाहेरच्या झगझगाटाला सरावलेले असल्याने मंद स्क्रीन काळी दिसते. एकच सेन्सर यातली एकच बाजू पाहतो. म्हणून एक सेन्सर स्क्रीनच्या चौकटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ, स्क्रीनच्याच दिशेने तोंड करून, म्हणजे मागच्या सीटकडे. डावा कोपरा एवढ्यासाठी की चालकाचा हात उजवीकडून येतो आणि सेन्सरवर सावली पाडतो. दुसरा डॅशबोर्डवर, समोरच्या काचेकडे, साधारण ४५ अंश वर तोंड करून. तो काचेला चिकटवू नका. तिथे तो फक्त आभाळ मोजतो, रस्ता नाही.

स्क्रीनचा स्वतःचा उजेड पहिल्या सेन्सरवर पडता कामा नये. पडला तर स्क्रीन लख्ख झाली की आकडा वाढतो, मंद झाली की घटतो, आणि रात्री अंधाऱ्या रस्त्यावर हा झोका थांबत नाही. सेन्सर चौकटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर पुढे ठेवा आणि स्क्रीनच्या बाजूला काळ्या टेपची छोटी भिंत करा.

चिकटवायला ग्लू गन वापरू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर जातो, त्यात तो गोंद मऊ पडतो आणि सेन्सर घरंगळतो. साधी फोमची दुहेरी टेपही टिकत नाही. गाड्यांसाठी मिळणारी अ‍ॅक्रिलिक टेप किंवा सिलिकॉन घ्या. डाव्या डॅशबोर्डवर एअरबॅगचं झाकण जिथे उघडतं तिथे काही चिकटवायचं नाही, आणि खांबात पडदा एअरबॅग असेल तर खांबाच्या आवरणातून वायर ओढायची नाही.

आता जोडणी. दोन्ही सेन्सरांच्या एसडीए (डेटा) तारा नॅनोच्या ए-४ वर, एससीएल (क्लॉक) तारा ए-५ वर, व्हीसीसी (वीज) ५ व्होल्टला, ग्राउंड ग्राउंडला. दोन्ही त्याच तारांवर चालतात, कारण पत्ते वेगळे करता येतात: एका सेन्सरची एडीडीआर पिन मोकळी किंवा ग्राउंडला (पत्ता हेक्समध्ये २३), दुसऱ्याची व्हीसीसीला (पत्ता ५सी). प्रत्येक सेन्सरची केबल एका मीटरच्या आत ठेवा आणि एफएमच्या अँटेना वायरीपासून दूर न्या. लांबली की मधूनच वाचन चुकायला लागतं.

नॅनोला वीज स्टिरिओच्याच मोकळ्या यूएसबी वायरीतून द्या. गाडीचे १२ व्होल्ट नॅनोच्या व्हीआयएन पिनला थेट देण्याचा मोह टाळा. इंजिन चालू असताना ते १४ च्या वर असतात, नॅनोवरचा छोटा रेग्युलेटर तापतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो फार दिवस काढत नाही.

नॅनोच्या डी-५ पिनपासून ३३० ओहम रेझिस्टर घेऊन पीसी ८१७ च्या पहिल्या पायाला, दुसरा पाय ग्राउंडला. पलीकडच्या बाजूला चौथा पाय १ अँपिअरच्या फ्यूजमधून स्टिरिओच्या एसीसी वायरीला (किल्ली फिरवल्यावरच १२ व्होल्ट येतात ती), ही बहुधा लाल असते. तिसरा पाय ४७० ओहममधून 'आयएलएल' (इल्युमिनेशन) लिहिलेल्या वायरीला, म्हणजे वर सांगितलेल्या पार्किंग लाइटच्या वायरीला, ही बहुधा नारिंगी. स्वस्त स्टिरिओत रंगांचा भरवसा धरू नका, वायरीवरचं लेबल पाहा आणि मीटर लावून खात्री करा. आयएलएल आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहम टाका, नाहीतर वायर अधांतरी राहते आणि स्क्रीन उगाच लुकलुकते.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. गाडीच्या हार्नेसमधून (वायरींच्या जुडग्यातून) आधीच आयएलएलला जोडलेली पार्किंग लाइटची वायर तोडून तिच्या टोकाला हीट श्रिंक चढवा. ती तशीच राहिली तर आपले १२ व्होल्ट उलटे जाऊन पार्किंगचे बल्ब पेटवायला बघतात. ४७० ओहममुळे पीसी ८१७ वाचेलही, पण आयएलएलवर व्होल्टेजच उरत नाही आणि स्क्रीन काही मंद होत नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा.

जोडण्याआधी, बॅटरी तेवढ्यापुरती परत लावून, एक मोजमाप करा. मीटर २०० मिलिअँपिअरवर ठेवून तो १२ व्होल्ट आणि स्टिरिओची आयएलएल यांच्या मध्ये धरा. ३ मिलिअँपिअरपर्यंत आकडा आला तर पीसी ८१७ पुरतो. त्याहून जास्त आला, म्हणजे तीच वायर बटणांचे दिवेही पेटवते. तेव्हा ऑप्टो आणि ४७० ओहम या दोन्हींऐवजी ५ व्होल्टचं एका चॅनेलचं रिले मॉड्यूल (विजेवर चालणारा स्विच) लावा.

प्रोग्रॅम लहान आहे, पण त्यातली वेळेची गणितंच खरी. दर २०० मिलिसेकंदांनी दोन्ही सेन्सर वाचा. शेवटच्या पाच वाचनांतलं मधलं मूल्य घ्या, सरासरी नको. वडा-पिंपळाच्या रांगेतून गाडी जाताना ऊन-सावली झपझप बदलते. सरासरी तिच्यामागे धावते, मधलं मूल्य धावत नाही. दोन सेन्सरांपैकी जो मोठा आकडा देईल तो खरा धरा.

मग नियम असे (रात्र म्हणजे डी-५ चालू, दिवस म्हणजे बंद). आकडा ४० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) खाली सलग ५ सेकंद राहिला की रात्र. १००० लक्सच्या वर सलग १ सेकंद गेला की दिवस. १२० ते १००० च्या मध्ये सलग १५ सेकंद राहिला तरच दिवस. ४० ते १२० च्या पट्ट्यात काहीच बदलायचं नाही. १५ सेकंदांचं कारण समोरचा ट्रक: अप्पर मारून आला की काही क्षण शंभर-दोनशे लक्स दिसू शकतात, पण तो निघून जातो. टोलनाक्याखालच्या दिव्यांचंही तेच. उलट दिवसा बोगद्यातून किंवा पुलाखालून बाहेर पडल्यावर ऊन हजारांच्या घरात असतं, तिथे एक सेकंद पुष्कळ झाला. थेट उन्हात एक लाख लक्सपर्यंत उजेड असतो आणि हा सेन्सर ५४,६१२ वर थांबतो, पण आपल्याला तेवढ्या वरचं मोजायचंच नाही.

एक खोच लक्षात ठेवा. सेन्सरची तार सैल झाली तर लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार कोड) उणे आकडा देते. प्रोग्रॅमला तो ४० पेक्षा कमी दिसतो आणि भर दुपारी स्क्रीन मंद होते. उणे आकडा आला की तो टाकून द्यायचा आणि आधीची स्थिती कायम ठेवायची. आयटूसीला (सेन्सर आणि नॅनो यांच्यातल्या एसडीए-एससीएल तारांवरच्या संवादाला) टाइमआउटही लावा, नाहीतर एका खराब क्षणी नॅनो तिथेच अडकून बसतो.

स्टिरिओच्या सेटिंगमध्ये दिवस-रात्र ओळखण्याचा पर्याय घड्याळावरून काढून 'लॅम्प' किंवा 'हेडलाइट'वर न्या. दिवसाचा उजेड १००, रात्रीचा १५ ते २०. मॅप्समध्ये रंगसंगती 'ऑटोमॅटिक' ठेवा, पण रात्री नकाशा पांढराच राहिला तर 'नाइट' करून पाहा.

वरचे आकडे सुरुवातीपुरते. घुमट, काचेवरची फिल्म आणि सेन्सरचं तोंड यांवर ते हलतात. लॅपटॉप जोडून चार ठिकाणी वाचन लिहून घ्या: भर दुपारी उघड्यावर, सूर्य मावळल्यावर दहा मिनिटांनी, शहरातल्या दिव्यांखाली आणि गावाबाहेर पूर्ण अंधारात. शहरातल्या दिव्यांचा आकडा ४० च्या वर येत असेल तर 'रात्रीची' हद्द त्याच्या दीडपट करा, आणि १२० चा आकडाही त्याच प्रमाणात वर न्या.

दोनच पातळ्या कमी वाटत असतील तर नॅनोऐवजी ईएसपी ३२ (वाय-फाय असलेला तसाच बोर्ड) घेऊन वाय-फायवरून स्टिरिओतल्या मॅक्रोड्रॉइड या ऑटोमेशन अ‍ॅपला आकडा पाठवता येतो आणि ते अ‍ॅप उजेड टक्क्यांत बदलतं. डोळा पटीने मोजतो, फरकाने नाही, म्हणून टप्पेही तसेच ठेवा: १ लक्सला १२ टक्के, १० ला २५, १०० ला ४५, १००० ला ७०, दहा हजाराला १००. मात्र ईएसपी ३२ ला स्टिरिओच्या किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणा. स्टिरिओ उलटा ईएसपीच्या वाय-फायवर नेला तर त्याचं इंटरनेट जातं आणि नकाशातला ट्रॅफिकही. रोजच्या गाडीला दोन पातळ्यांची जोडणीच बरी, अ‍ॅप मागे बंद पडलं का हे बघत बसावं लागत नाही.

बसवून झाल्यावरही रात्री स्क्रीन मध्येच लख्ख होत असेल तर वायरी उसकटण्याआधी डॅशबोर्डवरच्या देवाकडे पाहा. लुकलुकणाऱ्या एलईडीच्या प्रभावळीचा गणपती पुढच्या सेन्सरपासून वीतभर अंतरावर असेल तर आकडा १२० च्या वर सहज जातो. आणि दिवसा स्क्रीन मंद होत असेल तर त्याच मूर्तीच्या हाराची सावली सेन्सरवर पडलेली असू शकते. मूर्ती नाही, सेन्सर हलवा. धुळीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा दोन्ही घुमट कोरड्या फडक्याने पुसा.